दहापर्यंत

कार्ड वर धरायचं आणि मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं. मध्ये तोंड उघडायचं नाही. नियम एवढाच होता, आणि तो पाळताना तिचा जीव मेटाकुटीला यायचा.

दहा हा आकडा वाटतो तेवढा लहान नाही. ज्याला खोटं वाटत असेल त्याने समोर एखाद्या माणसाला बसवावं, त्याच्या घशाशी अडकलेला शब्द बघावा, कपाळावरची फुगलेली शीर बघावी आणि मग दहा मोजून दाखवावेत. तीनपर्यंत ठीक जातं. चारला हात शिवशिवायला लागतात. सहाला वाटतं, आपण माणूस आहोत की कोण आहोत? शब्द आपल्याला माहीत आहे, त्याला हवा आहे, देऊन टाकावा आणि दोघांनीही सुटावं. पण मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "तुम्ही दिलात तर तो शब्द तुमचा. त्यांनी काढला तर त्यांचा. तुमचे शब्द घेऊन ते घरी काय करणार?"

मॅडम म्हणजे वाचा-उपचार केंद्र चालवणाऱ्या थेरपिस्ट. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, एक काउंटर, भिंतीवर एक लांबलचक आरसा आणि वीस वर्षांचा अनुभव. आणि ती त्यांची असिस्टंट. म्हणजे अजून पुरती नाही. तीन महिन्यांची उमेदवारी होती, त्यातले अडीच महिने उलटले होते. शुक्रवारी मॅडम तिचं काम स्वतः बसून बघणार होत्या आणि मगच कायमचं पत्र द्यायचं की नारळ, ते ठरवणार होत्या.

तिची पदवी होती भूगर्भशास्त्राची. चार वर्षं तिने दगड फोडले, भिंगाखाली बघितले, त्यांना चिठ्ठ्या चिकटवून डब्यात भरले. पुढे दोन वर्षं नोकरी शोधली आणि दगडांइतकीच थंड उत्तरं मिळवली. मग एक दिवस जाहिरात दिसली: कोणत्याही शाखेची पदवी चालेल, सहा महिन्यांचा अभ्यासक्रम, नंतर उमेदवारी. वर्गात बाकी सगळे मानसशास्त्रवाले नाहीतर भाषेचे पदवीधर. हिने जिभेचे स्नायू स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून पाठ केले. मामा म्हणाला, "दगडांनी दाद दिली नाही म्हणून आता माणसांच्या मागे लागलीस होय?" सगळे हसले, तीही हसली. पण कामावर जाताना रोज जिन्यात तिला वाटायचं, आज कोणीतरी दार उघडून विचारणार, अहो, ही दगडवाली इथे काय करतेय?

काउंटरवरच्या बाई तर तिला नावाने हाकच मारत नसत. "ए भूगर्भ, तुझे सुतारकाका आलेत गं!"

सुतारकाका हे तिचे पहिले स्वतःचे पेशंट. झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि शब्द गेले. समजत सगळं होतं. विनोद केला की हसायचे, चूक केली की भुवई चढवायचे. पण पाण्याचा ग्लास समोर असला तरी 'पाणी' म्हणायला जावं आणि तोंडातून नुसती वाफ यावी, अशी गत. बायको वारलेली, एकुलती एक लेक. ती दूरच्या गावची नोकरी बिनपगारी रजेवर टाकून आली होती, आणि रजा शुक्रवारी संपत होती. शेजारी सकाळ-संध्याकाळ डोकावायला तयार होते. मधल्या वेळासाठी फोन. प्रश्न फक्त एकच होता: काही झालंच तर काका फोनवर दोन शब्द बोलू शकतील का? मॅडमनी 'हो' असं लिहून सही केली, की लेक शनिवारची गाडी पकडणार होती.

त्या सहीखाली जो कागद होता, तो भूगर्भने भरलेला होता.

रोज दहा कार्डं. शब्द स्वतःहून आला तर 'स्व' लिहायचं, मदतीने आला तर 'म', नाही आला तर शून्य. पहिल्या आठवड्यात तीन 'स्व'. दुसऱ्यात पाच. तिसऱ्यात आठ. आलेखाची रेष अशी सुरेख चढत गेली की तिने घरी जाऊन आलेखाचा फोटो बाबांना दाखवला. मॅडमनी कागद बघून चष्मा काढला आणि म्हणाल्या, "छान. तुमचा हात लागलाय त्यांना." त्या एका वाक्यावर तिने अख्खा रविवार काढला.

मंगळवारी संध्याकाळी ती कार्डं लावत बसली होती, तेव्हा काउंटरवरचा फोन वाजला. बाईंनी उचलला, दोनदा "हॅलो" केलं आणि आपटला.

"आला मुका फोन. गेला आठवडाभर पाचच्या ठोक्याला येतोय. नुसता श्वास सोडतो मेला. मी सरळ कट करते." मग डोळे मिचकावून, "तुझ्या मागे तर कोणी लागलं नाही ना गं?"

"दगडांशिवाय माझ्या मागे कोणी लागलेलं नाही," ती म्हणाली आणि कार्डं मोजू लागली.

बुधवारी तिला सर्दी झाली. पेशंट म्हातारी माणसं, म्हणून तिने मास्क लावला. सुतारकाका येऊन बसले, त्यांनी मास्ककडे बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. तिला वाटलं, आजारी माणसाजवळ बसायला नको वाटत असेल.

"सर्दीच आहे काका, साधी. चला."

पहिलं कार्ड, पाणी. तिने दहा मोजले. शून्य. दुसरं, फोन. शून्य. बादली, शून्य. मासा, शून्य. काकांची नजर कार्डावर नव्हतीच. ती तिच्या मास्कवर अशी खिळली होती, जसं कुलूप लागलेल्या दुकानाकडे माणूस बघतो. आठव्या कार्डानंतर कागदावर आठ शून्यं एका रांगेत बसली. झटका पुन्हा तर नाही? तिने हात वर करायला लावला, हसायला लावलं. सगळं जसंच्या तसं.

"थांबा हं, पाणी पिऊन घेते," म्हणून तिने मास्क हनुवटीवर ओढला, दोन घोट घेतले आणि घाईघाईत नववं कार्ड उचललं. पिशवी.

"पि...शवी," काका म्हणाले.

तिने पेन टेकवलं. 'स्व' लिहायला 'स' काढला, आणि हात तिथेच राहिला.

समोर काकांच्या मागे तो लांबलचक आरसा होता. खुर्ची फिरवली की पेशंटला स्वतःचे जीभ-ओठ दिसावेत म्हणून लावलेला. तिने कधी त्यात स्वतःकडे बघितलंच नव्हतं; पेशंट असताना स्वतःकडे कोण बघतं? आता तिने दहावं कार्ड वर धरलं आणि नजर आरशात ठेवली. बूट. एक, दोन, तीन. आणि तिने बघितलं. आरशातल्या त्या मुलीचे ओठ हळूच मिटले, मग पुढे आले, गोल झाले. आवाज नाही, श्वास नाही. नुसतं तोंड 'बूट' म्हणत होतं.

"बूट," काका म्हणाले.



काका गेल्यावर तिने तीन आठवड्यांचे कागद टेबलावर पसरले. दगड ओळखताना शिकली होती तेच केलं. एकसारखे एकीकडे, वेगळे दुसरीकडे. जमलेले शब्द: पाणी, फोन, बादली, मासा, पंखा, पिशवी, बूट, मेणबत्ती. कधीच न जमलेले: खुर्ची आणि घड्याळ. म्हणजे ओठ मिटून सुरू होणारे, दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून उचलता येणारे सगळे आले होते. घशातून निघणारे दोन्ही राहिले होते. इतकं ढळढळीत तिच्या डोळ्यांसमोर होतं आणि ती आलेखाचे फोटो काढत बसली होती! आठ 'स्व'. त्यातला खरा एकही नाही. सगळे 'म', आणि ती मदत आपण करतोय हे करणारीलाच ठाऊक नव्हतं.

फोनवर ओठ दिसत नाहीत, हे तिला त्यानंतर सुचलं.

घरी आई ताट वाढत होती. बाबा म्हणाले, "आज त्या बँकेत—"

"गर्दी होती, माहितीये," आई म्हणाली.

"नाही, तो मॅनेजर—"

"बदलला. बरं झालं."

बाबा जेवू लागले. तीस वर्षं या घरात बाबांनी वाक्य सुरू करायचं आणि आईने संपवायचं, अशी वाटणी होती. कोणाला त्यात काही वावगं वाटत नसे. आईचं प्रेमच ते. आज तिने पहिल्यांदा बघितलं, बाबा बोलत असताना आईचे ओठ त्यांच्या अर्धा शब्द पुढे हलत होते. तिला एकदम रडू फुटेलसं झालं.

"आई, शुक्रवारी कदाचित मला—"

"कायम करतील गं! तू उगाच घाबरतेस. केलेल्या कष्टाचं चीज होतं."

"तसं नाही, मी एक चूक—"

"चुका सगळ्यांच्या होतात. मॅडम चांगल्या आहेत. भात घे."

तिने भात घेतला. सांगायचं ते घशातच राहिलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. कारण एक विचार दुपारपासून तिच्या मागे लागला होता आणि तो काही केल्या जात नव्हता: कोणाला कळणार आहे? शुक्रवारी मास्क लावायचा नाही. मॅडम निरीक्षणाला नेहमी असिस्टंटच्या मागे बसतात, पेशंटचा चेहरा दिसावा म्हणून. ओठ हलतील, काका आठ शब्द म्हणतील, सही होईल, पत्र मिळेल. पुढचं पुढे. कदाचित काका सुधारतीलही आपोआप. कदाचित त्यांना फोन करायची वेळच येणार नाही. या 'कदाचित'वर तिने गुरुवार ढकलला. मॅडमच्या दारापर्यंत दोनदा गेली, दोनदा त्या फोनवर होत्या, आणि दोन्ही वेळा तिला हायसं वाटलं. हायसं वाटलं याची लाज वाटली, पण तिसऱ्यांदा ती गेली नाही.

शुक्रवारी अकराला सगळे खोलीत जमले. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. लेक त्यांच्या बाजूला, मांडीवर पर्स घट्ट धरून. मॅडम तिच्या मागे, वही उघडून.

"सुरू करा," मॅडम म्हणाल्या.

पाणी. तिने ओठ दातांखाली दाबून धरायचं ठरवलं होतं. एक, दोन, तीन, चार. काकांची शीर फुगली. पाच. लेकीने श्वास रोखला. सहा. तिचे ओठ कधी सुटले ते तिला कळलंसुद्धा नाही.

"पाणी," काका म्हणाले.

लेकीने डोळे पुसले. मॅडमच्या पेनचा आवाज आला.

फोन. तिने आरशात बघायचं टाळलं. "फोन," काका म्हणाले. आणि यावेळी तिने त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं. त्यांत आनंद नव्हता. काका तिच्या तोंडाकडे असे बघत होते, जसा पोहता न येणारा माणूस काठाकडे बघतो. दुसऱ्या दिवशी हा काठ तिथे नसणार होता.

तिने तिसरं कार्ड उचललं, बादली. मग टेबलावरची फाइल उचलली आणि स्वतःच्या नाकापासून हनुवटीपर्यंत आडवी धरली.

दहा झाले. वीस झाले. काकांचं तोंड उघडलं, मिटलं, उघडलं. काही आलं नाही.

"काय करताय?" मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, शब्द त्यांचे नाहीत. माझे आहेत. माझे ओठ हलतात आणि ते बघून म्हणतात. मला माहीत नव्हतं. बुधवारी कळलं. मास्क होता म्हणून कळलं. परवाच सांगायला हवं होतं, मी... मी भ्याले."

कोणी तिचं वाक्य पुरं केलं नाही. तिला ते सगळं स्वतःच म्हणावं लागलं, शेवटच्या शब्दापर्यंत.

लेक उभी राहिली. "म्हणजे? तीन आठवडे हा काय खेळ चालला होता? उद्याची गाडी आहे माझी! सोमवारी हजर झाले नाही तर नोकरी जाईल!" आणि मग वडिलांकडे वळून, रडवेली होत, "आणि तुम्ही तरी... रोज मी पाचला सामान आणायला जाते, परत येते तर हे फोन हातात धरून बसलेले असतात. मला वाटायचं, बोलता येतंय म्हणून कौतुकाने धरलाय!"

काकांनी मान खाली घातली. डाव्या हाताची मूठ त्यांनी कानाशी नेली, ओठांना बोट लावलं आणि तळवा हवेत आडवा फिरवला. नाही.

त्यांना माहीत होतं. तिला कळायच्या आधीपासून माहीत होतं. लेकीची गाडी चुकू नये म्हणून तो माणूस तीन आठवडे हिच्या ओठांना धरून चालला होता, आणि संध्याकाळी एकटा बसून खरी परीक्षा देत होता.

पाचला. पाचच्या ठोक्याला. तो मुका फोन!

मॅडमनी सही केली नाही. लेकीने बाहेर जाऊन तिच्या साहेबांशी बराच वेळ बोलून एक आठवडा मिळवला. त्यापुढे एक दिवसही नाही, असं तिने परत येऊन सांगितलं. ती भूगर्भशी बोलली नाही. सगळे गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "पत्र आज मिळणार नाही. उमेदवारी महिनाभर वाढवते. त्यानंतर काय, ते मला आज माहीत नाही."

"हो, मॅडम."

"बुधवारी कळलं आणि शुक्रवारी सांगितलंत. त्या दोन दिवसांचं मला वाईट वाटतंय, ओठांचं नाही. ओठ माझेही हलायचे." त्यांनी वही मिटली. "आणि समोर आरसा असून मागे बसून नुसते पेशंटकडे बघत होते मी. वीस वर्षं झाली मला."

सोमवारी पाचला पाच कमी असताना ती काउंटरपाशी जाऊन उभी राहिली. बाई म्हणाल्या, "काय गं, चहा हवाय?" तिने मान हलवली. घड्याळाचा काटा सरकेना. कदाचित आज येणारच नाही. एवढं सगळं झाल्यावर कोण कशाला करेल?

फोन वाजला. बाईंनी सवयीने हात टाकला, त्याआधी तिने उचलला.

पलीकडे श्वास. नुसता श्वास, जरा घरघरता.

"मी आहे," ती म्हणाली. "ऐकतेय." आणि पुढे काही बोलली नाही.

एक, दोन, तीन. पलीकडे घशात काहीतरी घासलं. चार, पाच. 'काका' हा शब्द तिच्या जिभेवर येऊन बसला. सहा, सात. तिचे ओठ हलत होते, तिला स्पष्ट कळत होतं. पाणी म्हणत होते, फोन म्हणत होते, कायकाय म्हणत होते. हलू देत. पलीकडे कोणाला दिसत नव्हते. दहा झाले. बाई हाताने कापायची खूण करू लागल्या. पंधरा. श्वास वाढला, अडखळला, एकदम थांबला. ते पडले असतील तर? लेक बाहेर असेल. आपण इथे आकडे मोजत उभ्या, आणि तिकडे माणूस... वीस. बावीस. सव्वीस. आता बोलायलाच हवं. तिने तोंड उघडलं.

"काका, तुम्ही ठीक—"

"थां...ब."

फाटका, घोगरा आवाज. कुठल्याच कार्डावर नसलेला शब्द. ओठ मिटून सुरू होणारा नाही, कोणाच्या ओठांवरून उचललेला नाही.

तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि ती थांबली.